अठ्ठेचाळीस तास अंधार

सोमवार, ३ फेब्रुवारी

निळंकाळं! सगळंच्या सगळं पान निळंकाळं!

सव्वीस वर्षं मी हा प्रयोग मांडतोय. जेरेनियमची कुंडी अठ्ठेचाळीस तास अंधारात ठेवायची. अंधारात पानाला नवं अन्न करता येत नाही, असलेला स्टार्च झाड वापरून टाकतं. कोठार रिकामं झालं की पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि कुंडी पाच तास उन्हात. मग पान तोडून आधी पाण्यात उकळायचं, नंतर स्पिरिटमध्ये. हिरवा रंग उतरतो, पान पांढरंफटक होतं. त्यावर आयोडीन. ऊन लागलं तिथे स्टार्च – निळंकाळं. पट्टीखाली काही नाही – पिवळट. उन्हाशिवाय झाडाचा स्वयंपाक होत नाही हे पोरं स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. सव्वीस वर्षांत पट्टी एकदाही हुकली नव्हती.

आज पट्टीखालीही काळं! जरा फिकट, पण काळंच. चाळीस पोरं बघत होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे उन्हाशिवाय पण होतं का?" काय सांगणार? माझं कपाळ?

आणि मागे हाताची घडी घालून पडदेवाले सर. नवे विज्ञान शिक्षक – येईल ते पडद्यावर दाखवतात म्हणून नाव मीच ठेवलंय. "जाऊ द्या काका, मी व्हिडिओ लावतो." काका! मी याचा कुठला काका?

व्हिडिओतलं पान कधी नापास होत नाही. तेच तर वाईट आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या खुर्चीत मागे रेलून बोलतात.

"चोवीस तारखेला तपासणी आहे. तपासनिसांसमोर असं झालं तर शोभेल का? त्याआधी जमतंय का बघा. नाहीतर प्रयोग पडद्यावर दाखवू आणि तुम्ही छपाईच्या खोलीत बसा. चारच वर्षं राहिलीत तुमची. आराम आहे तिथे."

आराम! प्रश्नपत्रिकांना पिना मारायच्या, हा आराम! काचेची भांडी धुतली, बेडकं सांभाळली, बी रुजवलं, सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून हाडाची काडं केली आणि शेवटी पिना!

मी म्हटलं, बाई, प्रयोगशाळेमागची अंधारी खोली माझ्याकडून कुणी काढून घेतली? पडद्याच्या यंत्रासाठी तुम्हीच दिलीत ना? आता तिथे दोन ट्यूबलाइट आणि ही एवढी काचेची खिडकी. म्हणून कुंडी शनिवार-रविवार घरी नेऊन ठेवावी लागते. बाई म्हणाल्या, "बघा बुवा कसं जमतंय ते." झालं. म्हणजे वाद संपला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबांना भरवलं. सहा घास, मग तोंड भिंतीकडे.

डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. पाय धडधाकट, छाती ठणठणीत, उठत का नाहीत ते त्यांनाच विचारा. विचारलं! शंभरदा विचारलं! अडतीस वर्षं पोस्टमन म्हणून जे गावभरचे जिने चढले-उतरले, ते आता मोरीपर्यंत जायला माझ्या खांद्यावर सगळा भार टाकतात. खिडकीचा पडदा सरकवला की "लाव" म्हणतात. दिवसभरात एवढा एकच शब्द.

आईला जाऊन सात महिने झाले. पन्नास वर्षांचा संसार होता, कबूल. पण मीही तिचाच मुलगा ना? मी धरलं का अंथरूण? सगळं मीच निस्तरलं – तिचे कागद, तिचं कपाट, गॅलरीतल्या तिच्या बारा कुंड्या. पार वाळल्या होत्या, नुसत्या काड्या उरल्या होत्या. एका रविवारी खाली नेऊन टाकून दिल्या. गॅलरी मोकळी झाली. त्याच आठवड्यात बाबा जे आडवे झाले ते झालेच. हातभार लावायचा सोडून हे!

रागाच्या भरात लिहिलं. राहू दे. ही वही कोण वाचतंय?

शनिवार, ८ फेब्रुवारी

कुंडी घरी आणली. घरातल्या बोळात आईचं रिकामं कपाट आहे, त्यात ठेवली, खालच्या खणात. हे कपाट माझ्या सुतार मित्राने तिच्यासाठी केलेलं. दार बसवलं तेव्हा म्हणाला होता, "यात झुरळ शिरलं तर मजुरी परत."

बोळात उभं राहून फर्मान काढलं – सोमवारपर्यंत कपाटाला कुणी हात लावायचा नाही! ही म्हणाली, "आम्हाला दुसरे उद्योग आहेत." खरं आहे. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी हिची दवाखान्यात पाळी असते, नाव नोंदवायच्या टेबलावर. मी शनिवारी दुपारी परत शाळेत, भांडी धुवायला. रविवारी नऊ ते दीड सुताराकडे कॅरम. तेवढ्या वेळात शेजारच्या काकू बाबांकडे डोकावतात, किल्ली असते त्यांच्याकडे.

रविवार, ९ फेब्रुवारी

कॅरमचे तीन डाव जिंकलो. कपाट बंद आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

पुन्हा! पुन्हा निळंकाळं!

तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी कुंडी काढली तेव्हा माती ओली लागली होती – हिने पाणी घातलं असणार, नको म्हटलं तरी. पण पाण्याने स्टार्च होत नाही. मग कशाने? एकच उत्तर. आयोडीनमध्ये कुणीतरी काहीतरी कालवलंय. आणि प्रयोग फसला तर फायदा कुणाचा?

शिक्षकांच्या खोलीत गेलो आणि सगळ्यांसमोर पडदेवाल्या सरांना विचारलं, "माझ्या बाटलीला हात कुणी लावला ते सांगता का?" त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. "काका, मी? मी कशाला लावू?" मी म्हटलं, ते तुम्हालाच माहीत! आणि दार आपटून आलो.

मग प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर एक थेंब टाकला. टाकल्या टाकल्या निळाकाळा. कागदावर टाकला, भांड्यात टाकला, सगळं जिथल्या तिथे बरोबर. बाटली चोख.

अजून माफी मागितलेली नाही. मागणारही नाही! खोली तर घेतलीच ना माझी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आता राहिलं कपाट. सुताराकडे गेलो आणि म्हटलं, तुझ्या कपाटात फट आहे. तीस वर्षांची मैत्री, पण असा भडकला! "माझ्या कामात फट? डोळे तपासून घे आधी. की डोक्यातच फट पडलीय?" मीही चार शब्द सुनावले. कॅरम बंद.

घरी येऊन कुंडी ठेवतो त्या रिकाम्या खणात स्वतः जाऊन बसलो. गुडघे छातीशी, दार ओढून घेतलं. वीस मिनिटं बसलो. काही दिसेना. स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसेना. लाकडाला अजून आईच्या साड्यांचा वास आहे. अर्धा वेळ मी फट शोधत होतो, उरलेला वेळ नुसताच बसलो.

तेवढ्यात ही आली आणि तिने दार उघडलं. किंचाळलीच! मग म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, प्रयोग चाललाय. "एक जण खोलीत पडलाय, दुसरा कपाटात बसलाय. मी काय माळ्यावर चढू?" आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही.

फट नाही. म्हणजे सुतार बरोबर होता आणि मी त्याला नको ते बोलून बसलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुचलं! झाडालाच साक्षीदार करायचं.

सोमवारी दुसऱ्या एका धड्यासाठी पत्र्याच्या डब्यात ओल्या कापसावर मोहरी टाकली होती, झाकण लावून. आज कोंब निघालेत – पिवळे, लांबुळके, मान टाकलेले. अंधारात उगवलेलं रोप असंच. प्रकाश शोधायला नुसतं लांब वाढत जातं, हिरवं होत नाही. पण एकदा ऊन मिळालं की चार-पाच तासांत पानं हिरवी व्हायला लागतात, आणि उजेड ज्या बाजूने आला तिकडे शेंडे वाकतात. शनिवारी हा डबा उघडाच कुंडीशेजारी ठेवतो. अंधार राहिला तर कोंब पिवळे. नाही राहिला तर बोलतील.

माणसं थापा मारतात, मोहरी मारत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कुंडी ठेवली, डबा ठेवला. डब्यावर खुणेची चिठ्ठी चिकटवली, ती दाराच्या बाजूला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हिरवे! सगळे कोंब हिरवेगार, आणि एका बाजूला वाकलेले! चिठ्ठी भिंतीच्या बाजूला. माती ओली. जेरेनियमची पानंसुद्धा ओल्या फडक्याने पुसल्यासारखी स्वच्छ!

चोर घरात आहे.

हिला विचारलं. असं बघितलं माझ्याकडे की मीच खजील झालो. "घरचं, बाहेरचं करून माझा जीव मेटाकुटीला आलाय आणि मी तुमची झाडं पुसत बसेन?" मग काकूंचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, "मी बाई दारातूनच डोकावते. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले असतात. कपाटाकडे मी कशाला जाऊ?" त्यांनाही राग आला. यायचाच.

मग उरलं कोण? बाबा तर कूससुद्धा मी वळवल्याशिवाय वळत नाहीत.

शाळेत सातवीच्या पोरांसमोर तिसऱ्यांदा काळं पान नको म्हणून प्रयोग केलाच नाही. बाईंना सांगितलं, थेट चोवीसला करतो. बाई म्हणाल्या, "शेवटची संधी हं." पडदेवाले सर खालच्या आवाजात म्हणाले, "काका, एखादं आधी जमलेलं पान बाटलीत जपून ठेवलेलं असेल ना? तेच दाखवून टाका. कुणाला कळतंय?" म्हणजे आता खोटं पान दाखवायचं! यांना वाटतं हे मदत करतायत!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लोखंडी कुलूप आणलं. ही म्हणाली, "झाडाला कुलूप?" हो, झाडाला कुलूप!

शनिवार, २२ फेब्रुवारी

कुंडी आत. कडी लावली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. किल्ली खिशात. बोळात उभं राहून मोठ्याने म्हणालो, "आता काढून दाखवा म्हणावं!"

बाबांच्या खोलीत खाटेचा आवाज आला. वळले असतील.

रविवार, २३ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू?

कॅरम नाही, पण घरात बसवेना म्हणून नऊला बाहेर पडलो. ही त्याआधीच गेलेली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि चष्मा राहिल्याचं लक्षात आलं. परत फिरलो. जिन्यात असताना आवाज ऐकू आला – लोखंडावर लोखंड. दार हळूच उघडलं.

बाबा उभे होते.

बोळात, अनवाणी, कुणाच्या खांद्याशिवाय. हातात चमच्याचा दांडा, तो कुलपात खुपसून पिरगाळत होते. चमचा सारखा निसटत होता, पण पाय हलले नाहीत. पाय घट्ट. आणि बोलत होते. सात महिन्यांत मी ऐकलं नाही इतकं बोलत होते. "थांब हं. काढतो. थांब जरा." मग कपाटाला कपाळ टेकवून म्हणाले, "हेही मारणार हा. तिची सगळी मारली, आता हेही मारणार."

हा म्हणजे मी.

पहिल्यांदा संताप आला, खोटं कशाला लिहू? सहा घास भरवतो मी! मोरीपर्यंत उचलून नेतो! माझी पाठ गेली! आणि हे चक्क दोन पायांवर उभे! आत जाऊन ओरडणार होतो. तोंड उघडलंसुद्धा.

मग ते वाक्य पोचलं. तिची सगळी मारली.

दरवर्षी पोरांना शिकवतो मी – पानं गळली, काड्या उरल्या म्हणून झाड मेलं असं धरायचं नाही. खोडाला नखाने खरवडून बघायचं. सालीखाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे, विसावलंय, पाणी द्या, थांबा. दरवर्षी! आणि आईच्या बारा कुंड्या उचलून टाकल्या तेव्हा एक काडी खरवडली नाही मी. एकसुद्धा नाही. बाबा दारात उभे राहून बघत होते त्या दिवशी. काही बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना पटलंय.

मी मागच्या मागे खाली उतरलो. मग जिन्यावर पाय आपटत, खोकत परत चढलो. दार उघडलं तर बोळ रिकामा, बाबा खाटेवर, तोंड भिंतीकडे, धाप लागलेली. चमचा उशीखाली, दांडा बाहेर दिसत होता. मी चष्मा घेतला. खिशातून किल्ली काढली. उद्या तपासणी. कुलूप तसंच राहू दिलं तर उद्या पट्टी बरोबर उमटेल, प्रयोगशाळा राहील. हे सगळं मला त्या क्षणी नीट कळत होतं.

किल्ली टेबलावर ठेवली. "किल्ली इथे ठेवतोय," भिंतीला सांगितल्यासारखं म्हणालो. "खिशात नुसती टोचते. दीडपर्यंत येतो."

समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या शटरपाशी जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा. आमच्या गॅलरीचं दार हललं नाही. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा उठायचे नाहीत ते, आणि हेही मीच केलं.

मग दार उघडलं. बाबा कुंडी छातीशी धरून बाहेर आले. उन्हाने डोळे मिटले त्यांचे, बराच वेळ तसेच उभे होते. मग कुंडी कठड्याजवळ ठेवली, फडक्याने एकेक पान पुसलं, तांब्याने पाणी घातलं. स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. थोड्या थोड्या वेळाने कुंडी जराशी फिरवत होते, सगळ्या बाजूंना ऊन मिळावं म्हणून. हे त्यांना आईने शिकवलं असणार.

दीड वाजेपर्यंत मी तिथेच होतो. रडलो. एका बाईने विचारलंसुद्धा, काही हवंय का.

वर गेलो तेव्हा कपाटाला कुलूप, किल्ली टेबलावर, बाबा भिंतीकडे. जेवण भरवलं. त्यांच्या नखांत माती होती. मी न बघितल्यासारखं केलं. नऊ घास खाल्ले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

निळंकाळं. अर्थातच.

तपासनीस चांगला माणूस होता. चिमट्याने पान उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "असं का झालं?" मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पडदेवाले सर बुटांकडे. मी म्हटलं, "साहेब, प्रयोग फसलेला नाही. या झाडाला मधल्या दिवशी ऊन मिळालं. पान बरोबर तेच सांगतंय."

"अंधारात ठेवलं नव्हतं?"

"ठेवलं होतं. कुणीतरी बाहेर काढलं."

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं. तपासनिसांनी मान हलवली आणि शेरा लिहिला. काय लिहिला ते संध्याकाळी कळलं. एक तारखेपासून छपाईची खोली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पडदेवाल्या सरांची माफी मागितली. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, आरोप केला होता तसाच. ते इतके गोंधळले की खुर्ची द्यायला उठले. म्हणाले, "काका, ती मोहरीची गोष्ट मला शिकवाल का? ती पडद्यावर नाही मिळत." पुन्हा 'काका'च, पण आज तेवढं टोचलं नाही. शिकवेन.

सुताराकडेही गेलो. "फट सापडली का?" म्हणाला. मी म्हटलं, सापडली, पण कपाटात नव्हती. त्याने कॅरम काढला.

शनिवार, १ मार्च

पहिला दिवस पिना मारण्यात गेला. प्रयोग आता बंद, कुंडी शाळेला नकोय. घरी आणली आणि आईच्या कपाटात, खालच्या खणात ठेवली. दार लावलं. बोळात उभं राहून, बाबांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, होता नव्हता तेवढा राग आवाजात आणून ओरडलो – सोमवारपर्यंत या कपाटाला कुणी हात लावला तर याद राखा! मग चपला घातल्या आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो.